उपग्रहावरचे इमेजिंग स्पेक्ट्रोमीटर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हायपरस्पेक्ट्रल, म्हणजे अशा यंत्रांनी टिपलेल्या, डेटावर काम करतो असं सांगितलं की ठरावीक प्रश्न येतातच. काही विद्यार्थ्यांचे असतात, काही भूगोलाच्या शिक्षकांचे, आणि बरेचसे शेतकऱ्यांचे. ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं सारख्या लांबीची नाहीत. जिथे गैरसमज जास्त आहेत तिथे जरा सविस्तर लिहिलं आहे.

साध्या कॅमेऱ्यात आणि या यंत्रात फरक काय?

मोबाइलचा कॅमेरा प्रत्येक ठिपक्यासाठी तीन आकडे नोंदवतो: लाल, हिरवा, निळा. सेंटिनेल-२ सारखा उपग्रह त्यात अवरक्ताची भर घालून १३ पट्टे, म्हणजे तरंगलांबीचे १३ तुकडे देतो. इमेजिंग स्पेक्ट्रोमीटर मात्र साधारण ४०० ते २५०० नॅनोमीटर तरंगलांबीचा सगळा पल्ला ५ ते १० नॅनोमीटरच्या बारीक फोडी करून मोजतो. एका ठिपक्याचे दोनशे-अडीचशे आकडे, एकमेकांना लागून, मध्ये फट न ठेवता. हे आकडे आलेखावर मांडले की चढउतारांची एक रेघ मिळते. तीच त्या ठिपक्याची वर्णपट-रेघ.

आपल्या डोळ्यांना ४०० ते ७०० नॅनोमीटरच दिसतं. म्हणजे या यंत्राला जे दिसतं त्याचा जेमतेम सातवा हिस्सा.

मल्टिस्पेक्ट्रल (सेंटिनेल-२ सारखे मोजके पट्टे) आणि हायपरस्पेक्ट्रल ही सीमा कुठे आखायची?

पट्ट्यांच्या संख्येवर भांडण्यात अर्थ नाही. पट्टे अरुंद आहेत का आणि सलग आहेत का, एवढं पाहावं. ‘इमेजिंग स्पेक्ट्रोस्कोपी’ आणि ‘हायपरस्पेक्ट्रल’ हे शब्द व्यवहारात एकाच अर्थाने वापरले जातात. मला पहिला जास्त आवडतो, कारण त्यात मोजमापाचा उल्लेख आहे.

नुसत्या प्रकाशावरून पदार्थ ओळखता कसा येतो?

प्रत्येक पदार्थ काही ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश गिळतो आणि बाकीचा परत फेकतो. जिथे गिळतो तिथे रेघेत खळगा पडतो. खळगा कुठे आहे, किती खोल आहे, त्याचा आकार कसा आहे, यावरून ओळख पटते.

हिरवं पान घ्या. हरितद्रव्य ६८० नॅनोमीटरच्या आसपासचा लाल प्रकाश जवळजवळ सगळा शोषतं. तिथून पुढे ७०० ते ७५० च्या दरम्यान रेघ कड्यासारखी सरळ वर चढते. या चढाला ‘रेड एज’ म्हणतात. त्यापुढे पानाच्या आतल्या पेशींच्या रचनेमुळे अवरक्त प्रकाश मोठ्या प्रमाणात परत येतो. ९७० आणि १२०० च्या आसपास पानातल्या पाण्याचे उथळ खळगे दिसतात. हरितद्रव्य कमी झालं की तो कडा डावीकडे, म्हणजे कमी तरंगलांबीकडे सरकतो. हे सरकणं काही नॅनोमीटरचं असतं. १३ पट्ट्यांच्या उपग्रहाला त्याचा अंदाज करावा लागतो, इथे ते सरळ मोजता येतं.

खनिजांत तर हे आणखी स्वच्छ दिसतं. केओलिन मातीत २१६५ आणि २२०५ नॅनोमीटरला जोडखळगा असतो. माँटमोरिलोनाइटमध्ये २२०० जवळ एकच. कॅल्साइटचा २३४० च्या आसपास. तिन्ही डोळ्यांना पांढरट दिसतील, पण रेघा शेजारी ठेवल्या की घोटाळा होत नाही. अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात क्युप्राइट नावाची जागा आहे. तिथे ही खनिजं उघड्यावर पसरलेली आहेत, त्यामुळे दशकानुदशकं नवं यंत्र आलं की त्याची परीक्षा तिथेच होते.

हे तंत्र मुळात आकाशाकडून जमिनीकडे आलेलं आहे. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन यांनी गुंटूरहून सूर्याचा वर्णपट पाहिला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लॉकियर यांनी इंग्लंडमधून ग्रहण नसतानाही तेच निरीक्षण केलं. त्या वर्णपटातल्या एका पिवळ्या रेषेतून पुढे हेलियम सापडला. विजयदुर्गला जाऊन ‘साहेबाचे ओटे’ पाहणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: लॉकियर विजयदुर्गला आले ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. हेलियमचा शोध त्याआधीचा. पण तिथे उभं राहिल्यावर मला नेहमी वाटतं की कोकणच्या त्या किल्ल्याचं आणि आपल्या कामाचं नातं खरंच आहे. दूरच्या वस्तूला हात न लावता ती कशाची बनली आहे हे प्रकाशावरून सांगायचं, हेच दोन्हीकडे चाललं आहे.

यंत्राच्या आत नेमकं काय घडतं?

दुर्बीण जमिनीची प्रतिमा एका अतिशय अरुंद फटीवर पाडते. फटीतून एका वेळी जमिनीची एकच आडवी रेघ आत येते, समजा ३० किलोमीटर रुंद आणि ३० मीटर जाड. पुढे लोलक किंवा बारीक रेषा कोरलेली जाळी तो प्रकाश रंगांत फोडते आणि तो एका द्विमितीय डिटेक्टरवर पडतो. डिटेक्टरच्या एका दिशेला जागा, दुसऱ्या दिशेला तरंगलांबी. उपग्रह पुढे सरकतो तशी पुढची रेघ, मग त्यापुढची. झाडू ढकलत नेल्यासारखं हे चालतं, म्हणून या पद्धतीला ‘पुशब्रूम’ म्हणतात.

सुमारे १००० नॅनोमीटरपर्यंत सिलिकॉनचा डिटेक्टर चालतो. त्यापुढे सिलिकॉन आंधळं होतं, मग पारा, कॅडमियम आणि टेल्युरियमच्या संयुगाचा डिटेक्टर वापरतात. तो खूप थंड ठेवावा लागतो, नाहीतर स्वतःच्या उष्णतेचीच नोंद करत बसतो.

एवढं प्रगत यंत्र, मग ठिपका ३० मीटरचाच का? गूगलच्या नकाशात तर गाडीसुद्धा दिसते.

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो आणि तो रास्तही आहे. उत्तर प्रकाशाच्या हिशोबात आहे.

उपग्रहाचा जमिनीवरचा वेग सेकंदाला सुमारे ७ किलोमीटर. म्हणजे ३० मीटरचा ठिपका ओलांडायला सेकंदाचे चार-सव्वाचार हजारांश भाग लागतात. ३० गुणिले ३० म्हणजे ९०० चौरस मीटर, आपल्या भाषेत जवळपास नऊ गुंठे. नऊ गुंठ्यांवरून एवढ्याशा वेळात दुर्बिणीत जो प्रकाश शिरतो, त्याचे दोनशेहून जास्त वाटे करायचे, आणि प्रत्येक वाट्यात एवढा प्रकाश उरला पाहिजे की बारीक खळगा गोंगाटात, म्हणजे यंत्राच्या खोट्या चढउतारांत, हरवू नये. आता ठिपका ५ मीटरचा करा. क्षेत्र ३६ पटींनी घटलं, थांबायचा वेळ ६ पटींनी घटला. दुर्बीण तीच ठेवली तर वाट्याला येणारा प्रकाश २१६ पटींनी कमी. त्यात २००० नॅनोमीटरच्या पुढे सूर्यप्रकाश मुळातच क्षीण असतो.

म्हणून एक तर बारीक ठिपका घ्यायचा किंवा बारीक वर्णपट. दोन्ही हवं असेल तर पल्ला आवरता घ्यावा लागतो. बंगळुरूच्या पिक्सेल कंपनीने १४ जानेवारी २०२५ ला आपल्या ‘फायरफ्लाय’ मालिकेतले पहिले तीन उपग्रह सोडले, त्यांचा ठिपका ५ मीटरचा आहे. पण ते दृश्य आणि जवळच्या अवरक्तातच काम करतात. तिथे उजेड भरपूर असतो.

ही कल्पना कधीपासूनची?

१९८० च्या दशकात अमेरिकेतल्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीत अलेक्झांडर गोएट्झ आणि सहकाऱ्यांनी विमानावर हे यंत्र बसवून दाखवलं. १९८७ मध्ये एव्हिरिस उडालं: २२४ पट्टे, २० किलोमीटर उंचीवरून उडणारं ईआर-२ विमान. आजच्या जवळजवळ प्रत्येक उपग्रहाच्या आराखड्यात एव्हिरिसचे धडे आहेत.

अवकाशातली सुरुवात दुर्दैवी झाली. ऑगस्ट १९९७ मध्ये नासाचा ‘लुईस’ उपग्रह ३८४ पट्ट्यांचं यंत्र घेऊन गेला, काही दिवसांतच गिरक्या घेऊ लागला आणि महिनाभराने वातावरणात जळाला. एकही कामाची प्रतिमा मिळाली नाही. मग २१ नोव्हेंबर २००० ला ईओ-१ उपग्रहावर ‘हायपेरियन’ गेलं. ३० मीटरचा ठिपका, पण एका फेरीत टिपली जाणारी जमिनीची पट्टी फक्त साडेसात किलोमीटर रुंद. एका वर्षासाठी पाठवलेलं हे यंत्र २०१७ पर्यंत चाललं. त्याचा डेटा गोंगाटाने भरलेला आहे, उभ्या रेषा उमटलेल्या आहेत, तरीही जगभरच्या एका अख्ख्या पिढीने हा विषय हायपेरियनवर शिकला. मीही त्यातलाच.

पुढच्याच वर्षी, २२ ऑक्टोबर २००१ ला, युरोपचा ‘प्रोबा-१’ त्याच्यावरच्या ‘क्रिस’ या यंत्रासह कक्षेत गेला, आणि तो नेला आपल्या पीएसएलव्ही-सी३ ने, श्रीहरिकोट्याहून. वॉशिंग मशीनएवढा हा उपग्रह स्वतःला वळवून एकच जागा पाच कोनांतून टिपायचा. एकाच पिकाकडे वेगवेगळ्या कोनांतून पाहिलं की पानांची ठेवण कळते, त्यामुळे या डेटाला आजही मोल आहे.

भारताचे स्वतःचे कोणते?

२८ एप्रिल २००८ ला गेलेल्या आयएमएस-१ वर ६४ पट्ट्यांचं यंत्र होतं. ठिपका सुमारे ५०० मीटरचा, म्हणजे एकाच ठिपक्यात साठ एकरांहून जास्त जमीन. शेतीसाठी हे फारच जाडंभरडं, पण अनुभव मिळाला.

त्याच वर्षी २२ ऑक्टोबरला चांद्रयान-१ निघालं. त्यावर इस्रोचं स्वतःचं ६४ पट्ट्यांचं यंत्र होतं आणि नासाचं ‘मून मिनरॉलॉजी मॅपर’ही. या दुसऱ्या यंत्राने ३००० नॅनोमीटरच्या आसपासचा खळगा पकडला आणि चंद्राच्या मातीत पाण्याचे, हायड्रॉक्सिलचे अंश असल्याचं सप्टेंबर २००९ मध्ये जाहीर झालं. चंद्रावर पाणी सापडलं ही बातमी सर्वांना आठवते. ती एका वर्णपटातल्या खळग्याची बातमी होती, हे मी वर्गात आवर्जून सांगतो.

पृथ्वीसाठीचा मुख्य उपग्रह म्हणजे हायसिस. २९ नोव्हेंबर २०१८ ला पीएसएलव्ही-सी४३ ने तो सोडला. वजन ३८० किलो, ठिपका ३० मीटर, पट्टी ३० किलोमीटर. ४०० ते ९५० नॅनोमीटरसाठी एक यंत्र आणि ८५० ते २४०० साठी दुसरं, २५६ पट्ट्यांचं. १२ ऑगस्ट २०२१ ला ईओएस-०३ भूस्थिर कक्षेकडे निघाला होता. भारतावर कायम नजर ठेवणारी हायपरस्पेक्ट्रल यंत्रं त्यावर होती. जीएसएलव्हीच्या क्रायोजेनिक टप्प्याने पेट घेतला नाही आणि उपग्रह गेला. मला हे नुकसान अजून सलतं. इतर उपग्रह एका जागेवरून काही दिवसांनी जातात. हा दिवसभर तिथेच असता, ढग फाटेल त्या क्षणी पाहू शकला असता.

आणखी एक मोलाची गोष्ट म्हणजे इस्रो आणि नासाने एव्हिरिसचं पुढचं रूप, एव्हिरिस-एनजी, इस्रोच्या विमानावर बसवून २०१५-१६ च्या हिवाळ्यात आणि पुन्हा २०१८ मध्ये भारतात उडवलं. राजस्थानातल्या जहाजपूरसारख्या ठिकाणांचा तो डेटा इतका स्वच्छ आहे की विद्यार्थ्यांना आधी तो दाखवावा आणि मग उपग्रहाचा.

सध्या जगात कोणती यंत्रं काम करत आहेत?

इटलीचा प्रिझ्मा २०१९ पासून, जर्मनीचा एनमॅप १ एप्रिल २०२२ पासून. दोन्हींचा ठिपका ३० मीटर आणि पट्टी ३० किलोमीटर. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर जर्मनीचं डेसिस २०१८ मध्ये, जपानचं हिसुई २०१९ मध्ये आणि नासाचं एमिट २०२२ मध्ये बसवलं गेलं. समुद्रासाठी फेब्रुवारी २०२४ मध्ये गेलेला पेस. मिथेनसाठी ऑगस्ट २०२४ चा टॅनेजर-१. चीनची गाओफेन-५ मालिकाही आहे, तिची पट्टी ६० किलोमीटर रुंद.

एमिटचं एवढं नाव का?

एमिट गेलं ते धुळीसाठी. वाळवंटातली धूळ वाऱ्यावर समुद्र ओलांडते. धूळ हेमॅटाइटसारख्या लोहयुक्त खनिजांची असेल तर ती उन्हाची उष्णता शोषते, फिकट मातीची असेल तर ऊन परत फेकते. हवामानाच्या गणितात आधी या धुळीचा रंग जवळजवळ गृहीतच धरला जायचा, कारण कुठल्या वाळवंटात कोणतं खनिज किती याची मोजणी पाच हजारांच्या आसपास नमुन्यांवर उभी होती, आणि तीही बहुतेक शेतीच्या जमिनीतल्या. एमिटने दहा खनिजं ठरवून पृथ्वीचे कोरडे प्रदेश अवकाशातून मोजायला घेतले. २८५ पट्टे, ठिपका ६० मीटर.

मग मिथेन दिसला. हा वायू २३०० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषतो, आणि तो भाग एमिटच्या पल्ल्यात होताच. ऑक्टोबर २०२२ पर्यंत पन्नासहून जास्त मोठे गळतीचे स्रोत सापडले. तुर्कमेनिस्तानात ‘हझार’ नावाच्या बंदराच्या पूर्वेला तेल आणि वायूच्या वाहिन्यांतून १२ झोत निघताना दिसले, काही ३२ किलोमीटरहून लांब. तेहरानच्या दक्षिणेला कचऱ्याच्या डेपोतून जवळपास पाच किलोमीटरचा झोत. डोळ्यांना न दिसणारा, वास नसलेला वायू, आणि प्रतिमेत तो कुठल्या वाहिनीतून, कुठल्या दिशेला वाहतो आहे हे दाखवता येतं.

वाट मात्र आधी हायपेरियनने दाखवली होती. जानेवारी २०१६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या अलिसो कॅन्यनच्या साठ्यातली गळती त्या जुन्या यंत्राने कक्षेतून टिपली. एकाच ठिकाणच्या गळतीचा झोत कक्षेतून टिपण्याची ती पहिली वेळ.

मध्ये हवा असते. ती मोजमाप बिघडवत नाही?

बिघडवते, आणि अर्धं काम तिथेच खर्ची पडतं. १४०० आणि १९०० नॅनोमीटरजवळ हवेतली वाफ जमिनीचा प्रकाश वर येऊच देत नाही. तिथले पट्टे काढूनच टाकतात. बाकी ठिकाणी वाफ, धूर, धूळ आणि ओझोन यांचा वाटा गणिताने वजा करून जमिनीचं खरं परावर्तन काढावं लागतं. गंमत अशी की वाफ किती आहे हेही याच डेटातून कळतं, तिचे ९४० आणि ११४० जवळचे खळगे मोजून.

हे शुद्धीकरण केलेला डेटा आणि कच्चा डेटा या दोन वेगळ्या वस्तू आहेत. फाइल उतरवताना आपण यातली कोणती घेतली ते पाहावं. या एका चुकीने महिनोन्‌महिने वाया गेलेले प्रबंध मी पाहिले आहेत.

पावसाळ्यात दिसतं का?

नाही. ढगातून हा प्रकाश येत नाही. जून ते सप्टेंबर महाराष्ट्रावर, त्यातही कोकण आणि घाटमाथ्यावर, चांगली प्रतिमा मिळणं नशिबाचा भाग आहे. रब्बीसाठी हा डेटा उत्तम, खरिपासाठी हाताशी ढगांतून पाहणारं रडार ठेवावं.

माझ्या शेतातला रोग उपग्रह ओळखेल का?

इथे स्पष्ट बोलायला हवं, कारण या नावाखाली बरंच काही विकलं जातं.

पिकाचं हरितद्रव्य, पानातलं पाणी, नत्राची अवस्था, पानांचा एकूण पसारा यांचे अंदाज हा डेटा साध्या उपग्रहापेक्षा चांगले देतो. शेताचा कोणता कोपरा मागे पडतो आहे हेही सांगतो. पण नत्र कमी पडलं, पाणी कमी पडलं किंवा मुळं कुजली, तिन्हीत हरितद्रव्य घटतं आणि रेघ जवळपास सारखीच बदलते. कारण शोधायला बांधावरच जावं लागतं.

कपाशीचं उदाहरण घ्या. लाल्या (पानं लाल पडण्याची विकृती) पडला की पानात अँथोसायनिन हे लाल रंगद्रव्य साठतं आणि ५५० नॅनोमीटरजवळ, म्हणजे हिरव्यात, शोषण वाढतं. मोठ्या क्षेत्रावर लाल्या असेल तर तो वर्णपटात दिसायला हवा. गुलाबी बोंडअळी मात्र बोंडाच्या आत असते. पान हिरवंगार, आत अळी. उपग्रहाला ती दिसत नाही, कामगंध सापळ्यालाच विचारावं लागतं.

आणि नऊ गुंठ्यांचा हिशोब विसरू नका. दोन एकरांच्या तुकड्यात जेमतेम नऊ ठिपके बसतात, त्यातले बरेच बांधावर पडून शेजारच्या तुरीचा किंवा बाभळीचा प्रकाश मिसळून आणतात. जिल्ह्याच्या, निदान गावशिवाराच्या पातळीवर हा डेटा खरा कामाचा.

जमिनीखालचं पाणी, सोनं, तेल दिसतं का?

दिसत नाही. हा प्रकाश मातीत मिलिमीटरभरही धड शिरत नाही. वर जे आहे तेवढंच कळतं, आणि वर गवत असेल तर गवतच. भूवैज्ञानिक याचा उपयोग वेगळ्या रीतीने करतात. गरम द्रावणांनी खडक बदलला की पृष्ठभागावर केओलिन, अ‍ॅल्युनाइट अशी खनिजं तयार होतात. अशा खनिजांचा पट्टा दिसला की तिथे खणून पाहायला जागा आहे, एवढं म्हणता येतं. खुणेवरून पुढची चौकशी सुरू होते, खजिना थेट दिसत नाही.

महाराष्ट्रात आणि गोव्यात याचा उपयोग काय?

पहिली अडचण सांगतो: आपला बेसॉल्ट काळा. काळा खडक प्रकाशच कमी परत करतो, त्याची रेघ खाली आणि सपाट. काळ्या जमिनीचंही तेच. तिच्यातली फुगणारी माती स्मेक्टाइट गटातली, २२०० जवळ तिचा खळगा असतो, पण उथळ. पीक काढल्यावर, नांगरट होऊन जमीन उघडी पडते त्या मार्च ते मे या काळात तो पाहावा. तेव्हाच्या डेटावरून मातीचा प्रकार आणि सेंद्रिय कर्ब यांचे नकाशे करता येतात. मात्र त्यासाठी प्रयोगशाळेत तपासलेले नमुने जोडीला हवेतच.

दुसरी अडचण अधिक चुटपुट लावणारी. पुणे, जळगाव भागातले झिओलाइट जगभरच्या संग्रहालयांत आहेत. त्यांच्या जाळीत पाणी अडकलेलं असतं आणि त्याचे ठळक खळगे नेमके १४०० आणि १९०० जवळ येतात, जिथे आपली हवा पडदा टाकते. हातात धरलेल्या तुकड्यावर जे लख्ख दिसतं ते कक्षेतून झाकलं जातं.

जांभा मात्र साथ देतो. कोल्हापूर-रत्नागिरीच्या सड्यांवरचं बॉक्साइट, गोव्याच्या खाणीतलं लोहखनिज, दोन्ही उघड्यावर. हेमॅटाइटचा खळगा ८६० च्या आसपास आणि गोएथाइटचा ९०० च्या पुढे, त्यामुळे लालसर आणि पिवळसर खनिज वेगळं काढता येतं. खाणीतला गाळ ओढ्याने कुठपर्यंत गेला हेही.

लोणारबद्दल नेहमी विचारतात. जून २०२० मध्ये सरोवराचं पाणी गुलाबी झालं आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत त्यामागे खारट पाण्यात वाढणारे हॅलोआर्किया सूक्ष्मजीव आढळले. पाण्यातल्या रंगद्रव्यांची ओळख पटवायला इमेजिंग स्पेक्ट्रोमीटरसारखं साधन नाही. नील-हरित शैवालातलं फायकोसायनिन ६२० नॅनोमीटरला खळगा पाडतं, साध्या हिरव्या शैवालात तो नसतो. सरोवराचा व्यास सव्वा किलोमीटरच्या आतबाहेर, म्हणजे ३० मीटरच्या यंत्राला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाळीस ठिपके मिळतात. पेसचा ठिपका १.२ किलोमीटरचा. त्याच्यासाठी अख्खं लोणार म्हणजे एक ठिपका.

मोजमाप बरोबर आहे हे कसं ठरवता?

अवकाशात यंत्र सूर्याकडे, चंद्राकडे, आतल्या दिव्यांकडे पाहून स्वतःला तपासतं. ऑक्सिजनचा ७६० नॅनोमीटरजवळचा खळगा जागा सोडत नाही, म्हणून तरंगलांबी सरकली का ते त्याच्यावरून कळतं. फटीच्या कडेला तरंगलांबी थोडी वाकते, त्या दोषाला ‘स्माइल’ असं गोड नाव आहे. पण एका नॅनोमीटरच्या या वाकण्याने ऑक्सिजनजवळ खोटे सुळके उभे राहतात.

आणि जमिनीवर माणसं उभी राहतात. उपग्रह डोक्यावरून जायच्या वेळेला शेतात हातातला स्पेक्ट्रोमीटर घेऊन मोजायचं. आधी पांढऱ्या पाटीवर नोंद. ही पाटी आलेला प्रकाश जवळजवळ सगळा परत करते, म्हणून तिच्याशी तुलना. मग पानांवर मीटरभर उंचीवरून स्पेक्ट्रोमीटरची प्रकाश टिपणारी केबल धरून दहा नोंदी, पुन्हा पाटी, पुन्हा पानं. पाटीला बोट लागलं तर त्वचेचं तेल वर्णपटात उतरतं, म्हणून ती कडेलाच धरायची. एकदा आमच्यातल्या एकाच्या अंगात पांढराशुभ्र शर्ट होता. हरभऱ्याच्या सगळ्या नोंदींत निळ्या भागात किंचित उचल दिसत राहिली. दुपारभर केबल, बॅटरी, पाटी तपासली आणि शेवटी शर्ट लक्षात आला. कापडाला लावलेली नीळ आणि उजळपणाची रसायनं पानांवर प्रकाश टाकत होती. तेवढ्यात उपग्रह जाऊन गेला होता, पुढच्या फेरीची वाट पाहावी लागली. तेव्हापासून आम्ही काळे किंवा गडद कपडे घालून, सूर्याकडे तोंड करून उभे राहतो.

डेटा कुठून मिळतो? पैसे पडतात का?

बराचसा फुकट. हायपेरियनचा जुना साठा अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेच्या संकेतस्थळावर आहे. एमिटचा डेटा नासाच्या अर्थडेटा या संकेतस्थळावर, एनमॅप आणि प्रिझ्माचा नोंदणी करून. भारतीय उपग्रहांसाठी हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राचं भूनिधी हे संकेतस्थळ पाहावं. खाजगी कंपन्यांचा डेटा विकत घ्यावा लागतो.

साधा लॅपटॉप पुरेल?

पुरतो. ३० किलोमीटर लांब आणि तेवढीच रुंद प्रतिमा म्हणजे दहा लाख ठिपके. प्रत्येकाचे २३० आकडे, प्रत्येक आकडा दोन बाइटचा, मिळून ४६० मेगाबाइट. १६ जीबी मेमरी असली की काम अडत नाही. क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर आणि त्यात बसणारं एनमॅप-बॉक्स दोन्ही मोफत आहेत. पायथन ही संगणकभाषा येत असेल तर फारच छान.

शिकायला कोणती पार्श्वभूमी लागते?

भूगोल, भूविज्ञान, कृषी, भौतिकशास्त्र, कोणतीही चालते. संख्याशास्त्राची भीती नसावी. मुंबईच्या आयआयटीत या विषयाचं केंद्र आहे, डेहराडूनला भारतीय सुदूर संवेदन संस्था आहे, आणि नागपूरला महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र आहे. नागपुरातच राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्थाही आहे. मातीच्या वर्णपटात रस असेल तर ती माहीत असायला हवी.

पुढे काय येतंय?

युरोपचं ‘चाइम’. त्याची पट्टी १३० किलोमीटरच्या आसपास असेल. आजची यंत्रं सांगितलं तिथेच पाहतात, हे सगळी जमीन नेमाने टिपत जाईल. एकाच शेताचे हंगामभराचे वर्णपट एकाखाली एक लावता येतील, तेव्हा शेतीच्या प्रश्नांची वर दिलेली काही उत्तरं मला बदलावी लागतील.

पहिल्यांदा फाइल उघडली. आता काय करू?

रंगीत प्रतिमा दिसेल, तिच्यावर रेंगाळू नका. वर्णपट दाखवणारी खिडकी उघडा आणि ओळखीच्या जागांवर एकेक टिचकी मारा. आधी धरणाचं खोल पाणी: रेघ निळ्या-हिरव्यात जरा वर आणि ८०० च्या पुढे शून्याजवळ. मग उसाचं शेत: ७०० जवळचा कडा. मग नांगरलेलं रान: हळूहळू चढणारी शांत रेघ. मग वाळू, मग वीटभट्टी. पाण्याची रेघ अवरक्तात शून्याजवळ येत नसेल तर तिथे जलपर्णी असू शकते, किंवा हवेचं शुद्धीकरण फसलेलं असू शकतं. यातलं काय ते शेजारच्या स्वच्छ पाण्यावर टिचकी मारून पाहा.